मिलोरादचा एक पुरा हंगाम

बजाजनगर, वाळूज
दि. ३ ऑक्टोबर १९९९

ती. सौ. आक्काबाईस,
धाकट्या भिकनचा वाकून नमस्कार. वि. वि.

पोळ्यानंतरचं तुझं पत्र मिळालं. तू विचारशील ते आधीच सांगून टाकतो. जेवण वेळेवर आहे, खोकला गेला, तुझी भावजय खुशाल आहे आणि तू पाठवलेलं तूप तिनं मला न विचारता संपवलं. बापूंची कंबर कशी आहे? मेंढरांना खुरी झाली होती, ती बरी झाली का तेही लिही.

आता खरी बातमी. आमच्या कंपनीच्या फुटबॉल संघात सर्बियाचा एक माणूस आला आहे. आपल्या शाळेतल्या नकाशात युगोस्लाव्हिया म्हणून देश होता, तो लढाया होऊन फुटला, त्यातला हा एक तुकडा. नाव मिलोराद. वय छत्तीस. गेस्ट हाऊसच्या दारातून वाकून आत जातो. शेठजींना हौस आली की राज्याच्या लीगमध्ये आपल्या संघात एक गोरा खेळाडू पाहिजे, म्हणून एका दलालानं हा मिळवून दिला. पहिल्या दिवशी त्याला बघायला कँटीनसमोर ही गर्दी! तो मात्र कुणाकडं न बघता सरळ मैदानात गेला, मधोमध वाकला आणि चिमूटभर माती उचलून बोटांत चोळली. आक्का, नव्या वावरात रात्री मेंढरं बसवण्याआधी आपले बापू अगदी हेच करतात.

मग त्यानं बुटाच्या टाचेनं जमिनीवर दोन ठोके दिले आणि माझ्याकडं बघून मान हलवली. मैदानाचा माळी मी, त्यामुळं खाली बघायची पाळी माझ्यावर आली. मैदान मुरमाचं, वर रोलर फिरवलेला. चेंडू आपटला की विटेवर आपटल्यासारखा वाजतो. कडेकडेनं हरळी आहे, मधे सगळं टक्कल.

आमचा गोलकीपर फकिरा सिल्लोडचा आहे. त्याचं इंग्रजी मोडकं, मिलोरादचंही मोडकं, पण दोघांचं मिळून काम भागतं. फकिरानं विचारलं की भाई, आज तक कितने क्लब में खेले. मिलोराद बोटं मोजत गेला, हाताची संपली, मग त्यानं बुटातल्या बोटांकडं बघितलं. हा त्याचा तेरावा क्लब. सतरा वर्षांत बारा क्लब आणि सहा देश! मी आजवर कन्नडचा घाट उतरून चाळीसगावला दोनदा गेलो असेन. हे सगळं बापूंना वाचून दाखव.

कळावे. तुपाचा राग सोडावा, लोभ तेवढा धरून ठेवावा.
तुझा
भिकन


हिवरवाडी, ता. कन्नड
दि. १२ ऑक्टोबर १९९९

चि. भिकन यास आक्काचे पोटभर आशीर्वाद.

पत्र ओट्यावर बसून मोठ्यानं वाचलं, त्यामुळं अर्ध्या वाडीला तुझ्या घरातलं तूप संपल्याचं कळलं. बापूंची कंबर बरी आहे. खुरी गेली. तुझे दाजी इथं हरळी खणून खणून हाताला फोड आणतात, आणि तुला तिकडं हरळी उगवायची नोकरी आहे, हे ऐकून ते जेवता जेवता थांबले. अजून विचारतात की नक्की हरळीच का.

तुझ्या त्या मिलोरादवरून इथं भांडण झालं. शेजारची आवडाबाई म्हणाली की ज्याला बारा ठिकाणाहून काढलं त्याच्यात काहीतरी खोट असणारच. बापू तिच्यावर असे भडकले की चिलीम विझली. म्हणाले की आपुन बी दर साली चाळीस वावरं बदलतो, ते काय कुणी काढलं म्हणून व्हय? खत पडलं, गवत सरलं, की उठायचं. फिरणाऱ्या माणसाची पारख करायची तर एवढंच इचारावं, की त्याला पुन्हा कुणी बोलावलं का नाय. तेव्हा बापूंचा हा निरोप समज आणि त्या माणसाला विचार.

आणि तूही एक उत्तर दे. भाऊबीजेला कोणत्या गाडीनं येणार?

वाट बघायला लावू नकोस. माया आहे म्हणून सांगते.
आक्का


बजाजनगर
दि. २१ ऑक्टोबर १९९९

ती. सौ. आक्काबाईस,
भिकनचा नमस्कार, आणि या खेपेला जरा जास्तच वाकून. कारण शेवटी कळेल.

बापूंचा प्रश्न फकिरामार्फत विचारला. मिलोरादनं चहाचा कप खाली ठेवला. मग बोलायला लागला तो चहा गार होऊन त्यावर साय धरेपर्यंत. मी तुला जेवढं समजलं तेवढं लिहितो.

आक्का, तो मेंढपाळाच्या घरचा आहे! त्यांच्याकडं पेश्तेर नावाचं उंच पठार आहे, तिथं हिवाळ्यात कमरेइतकं बर्फ पडतं आणि माणसं मेंढरांच्या उबेला राहतात. एकोणिसाव्या वर्षी खालच्या गावातल्या क्लबनं त्याला नेलं. दोन वर्षांनी तिथून एका कारखान्याच्या संघात गेला, तो कारखाना हंगामाच्या मधेच बंद पडला. मग पलीकडच्या बोस्नियात. तेव्हा तो सगळा एकच देश होता. तिथं चार वर्षांत दोन क्लब झाले आणि लढाई पेटली. सामने उरले असताना एका पहाटे बसमध्ये बसून तो निघाला. त्याच्या खोलीत राहणारा गोलकीपर लढाईत पलीकडच्या बाजूचा. त्यानं याची पिशवी बसपर्यंत आणून दिली आणि नंतर दोघांची भेट नाही. मग ग्रीसचं एक बेट, तिथं नव्या प्रशिक्षकानं जानेवारीतच घरी पाठवलं. सायप्रसला घोटा मोडला. माल्टातल्या क्लबचा मालक पळून गेला. हंगेरी, ओमान, पुन्हा सायप्रस, अशी त्याची वाट आहे. फकिरा सांगत होता आणि आम्ही तोंडात बोट घालून ऐकत होतो.

आता बापूंचं उत्तर. त्याला पुन्हा बोलावलं ते एकाच क्लबनं, त्या पहिल्या गावानं. गेल्या वर्षी. हा सगळं सोडून घरी गेला आणि एकही सामना न चुकवता खेळला. यंदा मार्चमध्ये त्यांच्या देशावर बॉम्ब पडायला लागले आणि थोडेच सामने उरले असताना लीग थांबली ती थांबलीच.

सतरा वर्षांत त्यानं एकही हंगाम एका जागी पहिल्या सामन्यापासून शेवटच्या सामन्यापर्यंत पुरा केलेला नाही. दर वेळी मधेच काहीतरी होतं, कधी दुखापत, कधी बदली, कधी लढाई. तो म्हणाला की गुडघ्यात एक हंगाम शिल्लक आहे, दोन नाहीत. हा एक पुरा करायचा आणि बूट काढायचे. बाकी काही मागणं नाही. पण कंपनीच्या डॉक्टरांनी त्याचा गुडघा दाबून बघितला, माझं मैदान दाबून बघितलं आणि सांगितलं की या जमिनीवर हा महिनाभर टिकेल. पहिला सामना बारा डिसेंबरला आणि शेवटचा सत्तावीस फेब्रुवारीला.

तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही. एवढा बारा गावचं पाणी प्यालेला माणूस माझ्या मुरमापायी आडवा व्हावा का? रात्रंदिवस पाणी मारतोय, पण नुसत्या पाण्यानं मुरूम मऊ होत नाही. मला एकच इलाज येतो, तो बापूंकडून शिकलेला. दिवाळीत कंपनी बंद असते, पाच ते चौदा नोव्हेंबर. बापूंनी मेंढरं घेऊन यावं आणि नऊ रात्री मैदानात बसवावीत. शेतकरी वावरात बसवून घेतात तशीच. मी रोज पाणी देईन, वर गाळाची माती टाकीन, आणि हरळी एकदा खताला लागली की पाच आठवड्यांत मधलं टक्कल भरून काढील. आमचे व्यवस्थापक तात्यासाहेब यांना विचारलेलं नाही. ते टाय बांधतात. विचारलं तर नाही म्हणतील.

आणि म्हणून या भाऊबीजेला मी येऊ शकत नाही. ओवाळणी दुप्पट देईन.

कळावे. कान पकडलेत असं समजून माया ठेवावी.
भिकन


बजाजनगर
दि. १७ नोव्हेंबर १९९९

ती. सौ. आक्काबाईस,
भिकनचा नमस्कार वि. वि.

बापूंबरोबर पाठवलेल्या करंज्या आणि अनारसे मिळाले. चिठ्ठीतल्या शिव्याही मिळाल्या, त्या अनारशांपेक्षा कुरकुरीत होत्या. बापू आणि मेंढरं उद्या-परवा वाडीला पोचतील. ते मोजकंच बोलतात, म्हणून इथली हकिगत मी लिहितो.

सहा तारखेच्या सकाळी मिलोराद एकटाच धावायला मैदानात आला. सगळे खेळाडू दिवाळीला घरी गेले होते, त्याला जायला घर लांब. मैदानात दोनशे मेंढरं बसलेली! मला वाटलं आता हा ओरडणार. तो जाळीच्या कुंपणाशी उभा राहिला आणि बराच वेळ हलला नाही. मग आत शिरला, एका लंगडणाऱ्या मेंढीचा पाय असा सराईतपणे उलटा धरला आणि खुरातला खडा बोटानं काढून टाकला. बापू बघत होते. त्यांनी आपल्या शेजारची घोंगडी झटकली आणि त्याच्यासाठी अंथरली. त्यानंतर आठ दिवस फकिरा नव्हता आणि दोघांना एकमेकांची एक अक्षर भाषा येत नव्हती, तरी दोघं दिवसभर एकत्र असायचे.

पाडव्याला बापूंनी मेंढरांच्या शिंगांना गेरू लावला, तुझ्या भावजयीनं ओवाळलं. मिलोराद एकदम उठून गेला आणि झेंडूची फुलं, हरळीचे वेल असं काहीबाही घेऊन आला. त्यानं मोठं कडं विणलं आणि पुढच्या मेंढीच्या गळ्यात घातलं. पुढं फकिरा आल्यावर कळलं की त्यांच्याकडं वसंतात एका संताच्या दिवशी पहिली धार काढण्याआधी असंच कडं घालतात. आक्का, एवढ्या लांबच्या मुलखात, बर्फात, आपलाच सण! मी त्या कड्याकडं किती वेळ बघत राहिलो, मलाच ठाऊक नाही.

सहाव्या दिवशी तात्यासाहेब आले आणि माझी पाचावर धारण बसली. मैदान बघून ते टाय सैल करून ओरडले की ही जनावरं आत्ताच्या आत्ता बाहेर काढा. बापू उठले नाहीत. म्हणाले की नऊ रात्री ठरल्यात, पाच झाल्या, चार ऱ्हायल्या. ठरल्या रात्री मोडून मेंढरं उठवीत नसतात. तात्यासाहेबांनी सैल केलेला टाय पुन्हा आवळला. ते सिल्लोडकडच्या मोठ्या जमीनदार घरचे, त्यांच्या आजोबांच्या वावरात मेंढरं बसायची, त्यांना हा रिवाज ठाऊक आहे. फक्त माझ्याकडं वळून म्हणाले की भिकन, बारा डिसेंबरपर्यंत गवत आलं नाही, तर मेंढरांच्या मागं मागं तूही कन्नडला जायचं.

आता घोटाळा ऐक. मेंढरं गेली आणि काल खेळाडू सरावाला आले. पाच मिनिटांत एकेक जण बोंबलत खाली बसला. मेंढरांच्या लोकरीतून आणि खुरांतून वाटेवरचे सराटे आलेत, सगळ्या मैदानभर काटे! आयुष्य मेंढरांत गेलं आणि ही एवढी गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही. मिलोरादच्या त्याच गुडघ्यात दोन घुसले. झाडूनं सराटा निघत नाही, वेचायला बसलो तर मार्च उजाडेल. बापूंना विचार. लगेच विचार.

कळावे. घाईत लिहितोय, लोभाला मात्र घाई नाही.
भिकन


हिवरवाडी
दि. २२ नोव्हेंबर १९९९

चि. भिकन यास आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून बापू आधी पोट धरून हसले. दहा वर्षांत त्यांना असं हसताना बघितलं नव्हतं, तेव्हा तुझ्या चुकीचं एवढं तरी पुण्य झालं. मग म्हणाले की त्याला सांग, ज्यानं काटा आणला तोच नेईल. जुन्या घोंगड्या घ्यायच्या, ओल्या करायच्या, वर एकेक माणूस बसवायचा आणि मैदानभर ओढत न्यायच्या. लोकरीला सराटा चिकटला की सुटत नाही. मधून मधून घोंगडी उलटी करून झटकायची.

घरातल्या चार घोंगड्या औरंगाबादच्या एस.टी.त टाकल्या आहेत. कंडक्टर बन्सी आपल्या ओळखीचा आहे. त्यातली काळी माझ्या लग्नातली आहे. फाडलीस तर मिलोरादला नाही, तुला विचारीन.

ते झेंडूचं कडं पुढच्या मेंढीनं वाटेत खाल्लं. बापूंना वाईट वाटलं, मेंढीला नाही.

सांभाळून राहा, आणि मला विसरू नकोस.
आक्का


बजाजनगर
दि. १४ डिसेंबर १९९९

ती. सौ. आक्काबाईस,
भिकनचा नमस्कार वि. वि.

तुझी काळी घोंगडी शाबूत आहे. तिच्यावर फकिरा बसला होता आणि मिलोराद ओढत होता. अकरा जणांनी तीन दिवस मैदान विंचरलं, घोंगड्या काट्यांनी साळिंदरासारख्या झाल्या.

आणि आक्का, गवत आलं! आधी लेंडीखताचा वास आला, इतका की दुसऱ्या शिफ्टचे कामगार नाकाला रुमाल लावून जायचे. तात्यासाहेब माझ्याशी बोलेनात. मग एका सकाळी मधल्या टकलावर हिरवी साय दिसली आणि महिन्याभरात हरळीचे वेल एकमेकांत गुंतून गेले. सामन्याच्या आदल्या दिवशी मिलोरादनं पुन्हा टाचेनं ठोका दिला. आवाज आला नाही. त्यानं माझा हात धरून जोरात दाबला, अजून बोटं दुखतात.

परवाच्या सामन्याबद्दल काय लिहू? मला वाटायचं, चांगला खेळाडू म्हणजे खूप पळणारा. हा पळतच नाही. कोल्हापूरची पोरं वाऱ्यासारखी यायची आणि चेंडू बरोबर याच्या पायाशी येऊन थांबायचा. कुठं येणार हे त्याला आधीच ठाऊक असल्यासारखं. एकदा तिघं एकदम अंगावर आले. त्यानं नुसतं एक पाऊल डावीकडं टाकलं आणि तिघांची वाट बंद झाली. सामना बरोबरीत सुटला, पण लोक घरी जाईनात. सतरा वर्षं, सहा देश, ते सगळं त्या एका पावलात होतं असं मला वाटलं आणि घरी येऊन मी तुझ्या भावजयीसमोर रडलो. तिला वाटलं आपण हरलो.

एक झाला, आठ राहिले.

कळावे. आनंदात वाटेकरी व्हावं, लोभात तर आहेसच.
भिकन


हिवरवाडी
दि. १८ जानेवारी २०००

चि. भिकन यास आशीर्वाद आणि तिळगूळ.

तुझी तिन्ही कार्डं मिळाली. इथं आता असं झालंय की पोस्टमन दिसला की बापू काठी टाकून उठतात. किती झाले, किती राहिले, एवढंच विचारतात. जिंकलात की हरलात ते विचारत नाहीत. दाराच्या चौकटीवर कोळशानं रेघा ओढल्या आहेत, पाच झाल्या. आवडाबाईसुद्धा येऊन मोजून जाते, पण मान्य करत नाही.

मलाही आता त्या माणसाची काळजी वाटायला लागली आहे, हे तुझ्याजवळ कबूल करते. पुण्याचं मैदान कडक होतं असं लिहिलंस, मग गुडघा कसा आहे? लपवू नकोस.

खुशालीचं लगेच लिही.
आक्का


बजाजनगर
दि. १९ फेब्रुवारी २०००

ती. सौ. आक्काबाईस,
नमस्कार.

लपवत होतो, आता लपवून चालणार नाही. पुण्यात गुडघा दुखावला. त्यानंतरचे तीन सामने तो पट्ट्या गुंडाळून खेळला. काल नागपूरला गुडघा नारळाएवढा सुजला आणि त्याला दोघांनी धरून बसमध्ये बसवलं. आठ झाले. एकच राहिला, तोही आपल्याच मैदानावर.

पण तात्यासाहेबांनी आज त्याला कचेरीत बोलावून विमानाचं तिकीट हातात दिलं, पंचवीस तारखेचं. म्हणाले की लंगडा माणूस मैदानात उतरवला तर शेठजी मला बोलतील, तुमच्या जागी दुसरा घेतलाय, तुम्ही आराम करा. मिलोरादनं भांडण केलं नाही. तिकीट घडी करून खिशात ठेवलं. फकिरा म्हणतो की त्याचा चेहरा रोज हेच बघणाऱ्या माणसासारखा होता. तेच माझ्यानं बघवलं नाही.

मी तात्यासाहेबांना जाऊन विनवलं. ते म्हणाले की तू गवताकडं बघ.

बापूंना हे कसं सांगायचं ते तूच ठरव.
भिकन


हिवरवाडी
दि. २ मार्च २०००

चि. भिकन यास आशीर्वाद.

तुझं पत्र चोवीसला सकाळी मिळालं. वाचून होईस्तोवर बापूंनी पटका बांधला होता. भाकरी तव्यावर होती, ती खाल्ली नाही. म्हटलं, कंबर दुखतेय, मी येते बरोबर, तर म्हणाले की तू दारात ऱ्हा. पहिल्या गाडीनं गेले.

काल परत आले. आल्या आल्या कोळशाचा तुकडा घेऊन चौकटीपुढं उभे राहिले, नववी रेघ ओढली आणि खाटेवर पडले. काय झालं म्हणून विचारलं तर म्हणाले, पुरा झाला. तेवढंच! तुझ्या दाजींनी विचारलं, आवडाबाईनं विचारलं, सगळ्यांना तेच. मला इथं दळण सुचत नाही. तिकडं काय घडलं ते पहिल्यापासून शेवटपर्यंत लिही. एक शब्द गाळलास तर बहीण नाही असं समज.

आक्का


बजाजनगर
दि. ६ मार्च २०००

ती. सौ. आक्काबाईस,
भिकनचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. वि. वि.

शब्द न गाळता लिहितो.

चोवीसला दुपारी बापू कंपनीच्या दारात उभे. मला म्हणाले, तुझ्या सायबाकडं चल. तात्यासाहेबांच्या खोलीत बापू खुर्चीवर बसले नाहीत. उभ्या उभ्या म्हणाले की सायब, तुमी जमीनवाल्यांचे. दिवाळीला तुमी लई रागावला होता, तरी ठरल्या रात्री मोडल्या नाय, ते मी वाडीत चार लोकांत सांगितलं. ह्या माणसाला सतरा वर्सं जो तो मधीच उठवतोय. एक रात ऱ्हायली आसताना तुमी उठवू नगा. बापूंचा आवाज चढला नाही की पडला नाही. मी भिंतीला टेकून उभा होतो.

तात्यासाहेब खिडकीतून मैदानाकडं बघत राहिले. मग त्यांनी शिपायाला तीन चहा सांगितले. चहा आला. तो पिऊन झाल्यावर त्यांनी दलालाला फोन लावला आणि तिकीट अठ्ठावीसचं करून घेतलं. बापूंना म्हणाले की बाबा, शेठजींचं मी बघतो. आक्का, मी त्या माणसाला उगाच टायवाला म्हणत होतो.

सत्तावीसला तिन्ही शिफ्टचे लोक आले. बापू दोरीला लागून उकिडवे बसले. त्यांना खेळ समजावून सांगावा म्हणून मी शेजारी बसलो, तर दहा मिनिटांत तेच मला समजावून सांगायला लागले. म्हणाले की वाईट कुत्रं मेंढराच्या मागं पळतं आन् चांगलं कुत्रं मेंढरू जिथून निसटणार तिथं आधी जाऊन उभं ऱ्हातं. बघ, हा पळत नाय. सात वर्षं फुटबॉलच्या मैदानावर काढून मला जे दिसलं नव्हतं ते त्यांना तेवढ्यात दिसलं.

गुडघ्याला एवढं बांधलं होतं की पाय नीट वाकत नव्हता. अर्धा सामना झाल्यावर डॉक्टर बाहेर ये म्हणून खुणावत होते, त्यानं त्यांच्याकडं पाठ फिरवली. शेवटी शेवटी तो एका पायावर खेळत होता असं म्हटलं तरी चालेल, आणि तरी त्याच्या बाजूनं कुणी पलीकडं गेलं नाही. समोरच्या जळगावच्या पोरांनी शेवटी त्या बाजूला जाणंच सोडलं. आपण एक गोल खाल्ला, एक केला. माझ्या मागं एक म्हातारा फिटर सारखा या अल्ला, या अल्ला पुटपुटत होता आणि मी खंडोबाचं नाव घेत होतो.

शिट्टी झाली. पोरं एकमेकांना मिठ्या मारत, पाणी ओतत कपड्यांच्या खोलीकडं गेली. लोक पांगले. मिलोराद आपल्या जागेवर तसाच उभा. मला वाटलं, गुडघा अडकला. फकिरा पळत गेला, त्याच्याशी काही बोलला आणि परत आला तो डोळे पुसतच. मी विचारलं, क्या हुआ रे. तो म्हणाला की वो पूछ रहा है, अब क्या करते हैं. हंगाम पुरा झाल्यावर माणसं काय करतात, ते त्याला ठाऊकच नव्हतं. तो आजवर तिथपर्यंत कधी पोचलाच नव्हता.

मी दोरीची गाठ सोडायला लागलो. फकिरानं हातमोजे काढले. तात्यासाहेब आपल्या बुटांकडं बघायला लागले. एवढा मोठा माणूस, एवढ्या मोकळ्या मैदानात, कुणीतरी सांगेल म्हणून वाट बघत उभा होता.

मग बापू उठले. चपला दोरीशी काढल्या, अनवाणी चालत मैदानाच्या मधे गेले, त्याचं मनगट धरलं आणि म्हणाले, बस.

त्याला मराठी येत नाही. पण तो बसला. दुखरा पाय लांब करून, दोन्ही हात मागं हरळीत टेकून बसला. बापू त्याच्या शेजारी बसले. मग फकिरा जाऊन बसला, मग मी. थोड्या वेळानं तात्यासाहेबही आले आणि पँट वर ओढून बसले. मैदानाला पाणी द्यायची वेळ झाली होती, पण मी नळ सोडायला उठलो नाही.

कळावे. इथून पुढं माझ्यावर जो लोभ करशील, त्यातला निम्मा बापूंच्या नावानं करावा.
तुझा
भिकन